डोळ्यातलं पांढरं आधी बघा, लाल नंतर

प्रश्न एका आशाताईंचा आहे. घरभेटीला गेलं की म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया डोळा ताणून दाखवतात, ‘ताई, बघा हो काय झालंय ते.’ हाताशी यंत्र नाही, फार तर मोबाईलची टॉर्च. नुसतं बघून काय ओळखता येतं? कोणाला ‘होईल बरं’ म्हणायचं आणि कोणाला त्याच दिवशी गाडीत बसवायचं?

ताई, बरंच ओळखता येतं. तालुक्याच्या गावात डोळ्यांची ओपीडी चालवताना एक गोष्ट सारखी नजरेला येते, ती म्हणजे लोकांच्या भीतीचा क्रम उलटा असतो. डोळा लालभडक झाला की रात्री दार वाजवतात, आणि त्यातले बरेचसे आपोआप बरे होणारे निघतात. बुबुळावर पांढरा ठिपका आला किंवा बाळाची बाहुली पांढरट दिसली, तर मात्र ‘चार दिवस बघू’ म्हणतात. म्हणून माझं सांगणं असं, की डोळ्यात पांढरं कुठे काही आहे का ते आधी शोधा, लालाकडे मग वळा.

बघायचं कसं, ते थोडक्यात. माणसाला दाराकडे किंवा खिडकीकडे तोंड करून बसवा. आधी नजर तपासा. एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, बोटांनी नको, फटीतून बघतात. दहा फुटांवर उभं राहून बोटं मोजायला लावा, मग दुसरा डोळा. हे दोन मिनिटांचं काम कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते. डोळा लाल पण बोटं साफ दिसतात, आणि डोळा लाल नि बोटंही दिसेनात, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नंतर टॉर्च. समोरून मारली तर नुसती चकाकी दिसते. कानाच्या बाजूने तिरपी धरा. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, डॉक्टर त्याला पारपटल म्हणतात, मी इथे ‘काच’ म्हणतो, त्या काचेवर निरोगी डोळ्यात उजेडाचा लहानसा, धारदार ठिपका चमकतो. तो ठिपका फाटलेला, पसरलेला किंवा मंद दिसला तर काचेचा पृष्ठभाग खरखरीत झालाय. आमच्या महागड्या यंत्राचं निम्मं काम या एका खुणेने होतं. हात आधीही धुवा आणि नंतरही.

बाळाची बाहुली

बुबुळाच्या मधला काळा ठिपका म्हणजे बाहुली. तान्ह्या बाळात ती काळीभोर दिसायच्या ऐवजी पांढरट किंवा पिवळसर दिसली, तर डोळ्यांच्या कामात यापेक्षा घाईची खूण नाही. बहुतेक वेळा ती आईलाच पहिल्यांदा दिसते. ‘अंधारात मांजराच्या डोळ्यासारखं चमकतं,’ असं ती सांगते आणि घरातले तिला वेड्यात काढतात. तुम्ही आईचं खरं धरा.

कारणं दोन-तीन असतात. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आतला पडदा, म्हणजे डोळ्याच्या मागे ज्यावर चित्र उमटतं तो, सुटलेला असू शकतो. आणि रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग असू शकतो. तो साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आतच दिसतो. वेळेवर सापडला तर मूल वाचतं, बऱ्याचदा डोळाही वाचवता येतो. उशीर झाला की तो डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकतो. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झालेलं सगळ्यात चांगलं. ‘बाळ जरा बाळसं धरू दे, मग करू’ हा विचार इथे चालत नाही, कारण त्या काळात डोळ्यातून मेंदूला चित्रच गेलं नाही तर मेंदू बघायला शिकत नाही. मग मोतीबिंदू काढला तरी नजर येत नाही.

मोबाईलचा इथे खरा उपयोग आहे. मंद उजेडाच्या खोलीत फ्लॅश मारून फोटो काढला की निरोगी बाहुल्या लालसर दिसतात. एक लाल आणि एक पांढरी दिसली तर बाळाला पाठवा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हल्लीचे कॅमेरे फोटोतला लाल डोळा आपणहून काळा करून टाकतात, त्यामुळे खूण पुसली जाऊ शकते. ती सोय बंद करा. दुसरं, बाळ थोडं बाजूला बघत असेल तर आतल्या नसेच्या फिकट तोंडावरून उजेड परत येतो आणि चांगला डोळाही एखाद्या फोटोत पांढरा दिसतो. म्हणून बाळ कॅमेऱ्याकडे सरळ बघत असताना चार-पाच फोटो काढा. त्याच डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरं आलं तर थांबायचं नाही. आलं नाही पण मनात शंका राहिली, तरी पाठवाच. बाहुली मोठी करून तपासायला थेंबाखेरीज काही लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांची सरकारी योजना, 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. त्यामुळे खर्चाची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना सांगायला तुमच्याकडे उत्तर आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत मात्र दिसण्याची वाट बघायचीच नसते. बाहुली पांढरी दिसेपर्यंत हातात फारसं काही उरत नाही. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मानंतर 30 दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झाली पाहिजे; 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमच्या खालचं असेल तर 20 दिवसांच्या आत. 28 व्या दिवसाची घरभेट तुमची ठरलेलीच असते, पण डिस्चार्ज कार्ड पहिल्याच भेटीत मागा आणि त्यावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख आहे का बघा. डोळे दिसायला कसे का असेनात, तारीख नसेल तर फोन करा.

बाळांच्या बाबतीत आणखी एक फसवी खूण म्हणजे मोठे, टपोरे डोळे. येणारी-जाणारी कौतुक करतात, आजी रोज दृष्ट काढते. नवजात बाळाचं बुबुळ आडवं मोजलं तर साधारण 10 मिलिमीटर भरतं. पहिल्या वर्षात ते 12 च्या पुढे गेलं, काच धुरकट दिसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि उजेडात आणलं की बाळ आईच्या कुशीत तोंड खुपसतंय, तर हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. आत दाब वाढलाय म्हणून कोवळा डोळा ताणला जातोय. नुसतं पाणी आणि चिपडं येत असतील, काच स्वच्छ असेल आणि बाळ उजेडात आरामात खेळत असेल, तर बहुधा अश्रूंची नळी बंद आहे. नाकाच्या कडेला मसाज केल्याने ती बहुतेकांची वर्षाच्या आत उघडते. पण जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात पापण्या सुजून घट्ट पिवळा पू येत असेल तर ‘नळी असेल’ म्हणून सोडू नका. तो संसर्ग काचेला भोकही पाडू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

तिरळेपणाबद्दल घराघरांत दोन समजुती असतात: तिरळं मूल नशीबवान असतं, आणि मोठेपणी आपोआप नीट होतं. दोन्ही सोडून द्या. तीन-चार महिन्यांपर्यंत बाळाचे डोळे मधूनच इकडेतिकडे जातात, ते चालतं. त्यानंतर गेले, किंवा आधीपासून एक डोळा कायमच आत वा बाहेर असेल, तर दाखवायचं. नाकाचा पूल रुंद असला की डोळे सरळ असूनही तिरळे वाटतात. दोन फुटांवरून टॉर्च धरा आणि उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत त्याच जागी पडतो का बघा. एकीत मधोमध आणि दुसरीत कडेला पडला तर तिरळेपणा खरा. वळलेल्या डोळ्याची नजर मेंदू हळूहळू वापरायचीच सोडतो, आणि सात-आठ वर्षांनंतर ती परत आणणं फार अवघड. शिवाय पांढऱ्या बाहुलीच्या खालोखाल रेटिनोब्लास्टोमाची नेहमीची खूण तिरळेपणाच आहे. तिरळ्या मुलाचा आतला पडदा तपासल्याशिवाय चष्म्याचा नंबर काढून घरी पाठवणं मला पटत नाही, मग तो कोणीही पाठवो.

काचेवरचा ठिपका

हा विषय आपल्या शिवारातला, म्हणून जरा जास्त सांगतो. ऊसतोडीत पाचट लागतं, मळणीत भाताचं तूस उडतं, गवताचं कुसळ जातं. पहिल्या दिवशी टोचतं, पाणी येतं. दुसऱ्या दिवशी लाल होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका उमटतो, उजेड सहन होत नाही. हा काचेवरचा व्रण, आणि झाडपाल्याच्या इजेनंतर तो बऱ्याचदा बुरशीचा असतो. बुरशीच्या व्रणाची कड गोल, साफ नसते. बाजूला फाटे फुटलेले दिसतात, आणि दिसतंय त्या मानाने दुखणं कधी कधी कमी असतं, म्हणून माणूस कामावर जात राहतो. बुबुळाच्या तळाशी आडवी, पिवळट-पांढरी पातळी दिसली तर आत पू साचलाय. तिथून पुढे एकेक दिवस महाग पडतो.

या डोळ्यांचं वाटोळं काट्यापेक्षा जास्त पहिल्या चार दिवसांतल्या उपचारांनी होतं. गावात कोणी जिभेने कचरा काढून देतं, कोणी मध घालतं, कोणी बाळंतिणीचं दूध. हे सगळं वाईटच, पण सगळ्यात घातक म्हणजे मेडिकलमधून लक्षण सांगून आणलेले स्टेरॉईडचे थेंब. ते घातले की लाली एका दिवसात उतरते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशीला रान मोकळं मिळतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. अँटिबायोटिकच्या नावाशेजारी, ‘डेक्सा’ असं अर्धवटही लिहिलेलं असतं. असेल तर ते थांबवून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून बरोबर. बुरशीच्या व्रणावर नॅटामायसिन हे जुनं औषध आजही पहिलं आहे. दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं. पण ते तासातासाला, आठवडेच्या आठवडे घालावं लागतं, आणि आधी व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. घरून सुरू करायचं औषध ते नव्हे. तुम्ही करायचं ते एवढंच: पट्टी बांधायची नाही, चोळू द्यायचं नाही, काही घालू द्यायचं नाही, काडी लागली त्याच दिवशी पाठवायचं. त्या दिवशी नुसतं खरचटलेलं असतं आणि साध्या मलमावर निभावतं.

जुनं फूल आणि ताजा व्रण यांत गोंधळ होतो. फूल म्हणजे भरून आलेल्या जखमेचा वण. त्याभोवतीचा डोळा पांढरा, शांत असतो, दुखत नाही, उजेड खुपत नाही आणि वर टॉर्चचा ठिपका नीट चमकतो. ताज्या व्रणाभोवती लाली, पाणी आणि वर फाटका, मंद उजेड. ‘लहानपणापासून आहे’ असं म्हणणाऱ्याला घाई नाही, पण नजर कमी असेल तर त्यालाही एकदा दाखवा. काचेचं रोपण होऊ शकतं.

आता चुना. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब किंवा पुडी पोरं दाबून खेळतात, ती फुटते आणि थेट डोळ्यात जाते. इथे दवाखान्याच्या आधी पाणी. जे स्वच्छ पाणी मिळेल ते, नळ असो वा हंडा, पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास. वरची पापणी उलटून तिच्याखालचे कण ओल्या कापडाच्या टोकाने काढा, नाहीतर ते तिथे बसून जाळत राहतात. धुऊन झालं की मग गाडी. अशा डोळ्यात पांढरेपणा दिसला म्हणून हुश्श करू नका. चुन्याने पोळलेला डोळा लाल असेल तर रक्तवाहिन्या जिवंत आहेत. काचेच्या कडेचा भाग मेणचट पांढरा पडला असेल तर तिथलं रक्त चालणंच बंद झालंय, आणि तो डोळा जास्त धोक्यात आहे.

आणखी एक पांढरं, मुलांमधलं: बुबुळाच्या शेजारी, बहुधा कानाच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा कोरडा, त्रिकोणी ठिपका. पुसला तर थोडा निघतो, पुन्हा येतो. याला बिटोचा ठिपका म्हणतात. 1863 मध्ये बिटो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तो लिहून ठेवला. अर्थ अ जीवनसत्त्वाची कमतरता. आईला विचारा, तिन्हीसांजेला मूल ठेचकाळतं का, ताटातला घास चाचपडतं का. हा रातांधळेपणा, आणि गोवर किंवा जुलाब झाले की अशा मुलाची काच दोन-तीन दिवसांत विरघळू शकते. तुमच्या रजिस्टरमध्ये डोस बघा. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 1 लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. ठिपका दिसला तर पुढच्या ठरलेल्या डोसची वाट बघायची नाही. उपचाराचे डोस निराळे असतात, ते डॉक्टर देतील.

म्हाताऱ्यांच्या बुबुळाच्या कडेने फिकट राखाडी कडं असतं, ते वयाचं आहे, सोडून द्या. चाळिशीच्या आतल्या माणसात दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारा मांसाचा पडदा, वडस, हा उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांचा. बाहुलीकडे सरकत असेल तरच कापायचा. आणि आजोबांची बाहुली पांढरी असेल तर तो पिकलेला मोतीबिंदू. ‘पिकल्यावरच काढायचा’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा होता. फार पिकला की कधी फुटून आतला दाब चढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो.

आता लाल

लाल डोळ्यात लाली कुठे जास्त आहे ते बघायचं. खालची पापणी ओढल्यावर आतली बाजू आणि कोपरे जास्त लाल, बुबुळाकडे येता येता लाली फिकी, चिपडं, नजर चांगली, म्हणजे डोळे आलेत. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडून ही साथ राज्यभर पसरली ती आठवत असेल. ती विषाणूची होती. अशा साथीत डोळे आठ-पंधरा दिवसांत आपापले बरे होतात. नुसतं बघून येत नाहीत, हात आणि टॉवेलमधून येतात, त्यामुळे काळ्या चष्म्याने दुसऱ्याचं रक्षण होत नाही.

लाली बुबुळाभोवती कड्यासारखी, जांभळट, आणि बाहेर जावं तशी कमी होत असेल, तर भानगड आत आहे. सोबत उजेड खुपतो, दुखतं, नजर धूसर असते. अशात बाहुली बारीक किंवा वेडीवाकडी असेल तर आतली सूज. आणि बाहुली मध्यम मोठी, टॉर्चला न हलणारी, काच वाफ धरल्यागत, तर काचबिंदूचा झटका. हा रुग्ण बहुधा पन्नाशीच्या पुढची बाई असते आणि डोळ्याची तक्रार सांगतच नाही. अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होताहेत, म्हणते. पित्ताचं इंजेक्शन घेऊन दोन दिवस काढते, तोवर नस मरते. उलटी आणि डोकेदुखीच्या बाईचे डोळे टॉर्चने बघण्याची सवय लावून घ्या. दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का, तेही विचारा.

रक्ताचा लालभडक, सपाट डाग, कडा स्पष्ट, ना दुखणं ना पाणी, नजर चांगली: खोकला, शिंक, वजन उचलणं, कशानेही वरची बारीक वाहिनी फुटते. दिसायला सगळ्यात भयानक आणि बहुधा सगळ्यात निरुपद्रवी. पंधरा दिवसांत जातो. बीपी मोजा, रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारा. मार लागून झाला असेल तर मात्र पाठवा. मार लागलेल्या डोळ्यात बाहुली थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसली, किंवा काचेच्या कडेतून काळपट काही डोकावलं, तर डोळा फुटलाय. त्याला हात लावू नका, थेंब घालू नका, कागदी कपाचा बूड वरून धरून चिकटपट्टी लावा आणि उपाशीपोटी पाठवा.

शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा डोळा लाल झाला, दुखायला लागला आणि आलेली नजर पुन्हा गेली, तर त्याच तासाला. फेरतपासणीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

पापण्या

रांजणवाडी आली की कोमट शेक, बास. पण पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येते, तिथले केस गळताहेत, तर गाठ कापून तपासायला पाठवली पाहिजे. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो जास्त दिसतो.

पापणी अचानक पडली तर ती डोळ्याची तक्रार कमी आणि नसांची जास्त. पापणी उचलून बाहुली बघा. मोठी झालेली असेल आणि डोकं कधी नव्हे इतकं दुखत असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. 108 बोलवा. सकाळी चांगली आणि संध्याकाळी पडते, ती स्नायूंच्या थकव्याच्या आजाराची खूण. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, दोन्ही पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय, तर मण्यार चावलाय असं धरून चाला. त्याचा चावा दुखत नाही, दात उमटलेले सापडत नाहीत. पडणाऱ्या पापण्या ही त्याची अगदी सुरुवातीची खूण आहे; श्वास अडकायच्या आत त्याला सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात पोहोचवा. फवारणीहून आलेल्या माणसाची उलटी तऱ्हा: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम. तीही विषबाधाच.

कपाळावर एकाच बाजूला नागिणीचे फोड आलेत आणि त्यातले एखाद-दोन नाकाच्या शेंड्यावर आहेत, तर डोळ्यातही ती उतरण्याची शक्यता बरीच. गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर उपयोगी. तेवढा वेळ शेंदूर-गेरूचे लेप लावण्यात जातो. मधुमेही माणसाचा चेहरा एका बाजूने सुजला, पापणी पडली, नाकातून काळपट घाण आली, तर 2021 मधली काळी बुरशी आठवा. ती साथ सरली, आजार आहेच. ताप असलेल्या मुलाची पापणी सुजून डोळा पुढे आला आणि फिरेनासा झाला, तर रात्र काढायची नाही. मोठ्या माणसाचे डोळे सावकाश बटबटीत झाले, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसायला लागलं, तर थायरॉईड.

कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात, वरची पापणी उचलून, खाली बघायला सांगून. पांढरा भाग सगळीकडे सारखा पिवळा असतो. उन्हात राबलेल्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना जो पिवळट-तपकिरी मळकट उंचवटा असतो, ती कावीळ नव्हे.

एवढं सगळं बघून डोळा निर्मळ वाटला, तरी चाळिशीपुढच्या माणसाला ‘डोळे चांगले आहेत’ असं सांगू नका. हळू येणारा काचबिंदू आणि मधुमेहाने खराब होणारा पडदा, दोन्ही बाहेरून काहीच दाखवत नाहीत. नजर जाईपर्यंत डोळा देखणाच राहतो. मधुमेह कळल्यापासून दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा बघायचा, आणि आई-वडिलांना काचबिंदू असेल तर मुलांनीही तपासून घ्यायचं.

शेवटी फोटोबद्दल, कारण हल्ली तुम्ही सगळ्याजणी व्हॉट्सॲपवर डोळे पाठवता. दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको (बाळाच्या बाहुलीचा सोडून). फोन वीत-दीड वीत लांब धरा आणि झूम करा, जवळ नेला की सगळं धूसर येतं. एक फोटो दोन्ही डोळ्यांचा एकत्र, एक आजारी डोळ्याचा सरळ बघताना, एक वर आणि एक खाली बघताना. खाली लिहा: कोणता डोळा, किती दिवस, कशाने लागलं, किती फुटांवरून बोटं मोजली, कोणते थेंब घातले. फोटोतला बाकीचा चेहरा कापा, नाव गटात टाकू नका. आणि ठिपका काचेवर असेल, बाहुली पांढरी असेल किंवा चुना गेला असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता गाडी आधी काढा. फोटो वाटेतून पाठवला तरी चालेल.